कुंकवाखालची पाठ

आमच्या भावकीत एक माणूस गेलं, तेव्हा कुठे कासवाची पाठ आम्हाला दिसली. त्याचा मला अजून राग आहे आणि तो जाऊ द्यायचा माझा विचारही नाही.

कासव आलं ते मुलाच्या बढतीसाठी. बढती अडकली होती म्हणून त्याने वास्तू बघणाऱ्या एका गृहस्थांना बोलावलं. ते होकायंत्र घेऊन फ्लॅटभर फिरले. माझ्या खोलीत आल्यावर माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मलाच चुकीच्या दिशेला ठेवलंय. मग म्हणाले, "उत्तरेला जिवंत कासव ठेवा. पाण्यात. तोंड घराकडे." मुलाने लगोलग आणलं. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, हिरवट, तळहाताएवढं. हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात शोकेसशेजारी काचेचं पसरट भांडं मांडलं आणि त्यात ते सोडलं. त्या कोपऱ्यात भर दुपारी मला पेपर वाचायला दिवा लावावा लागतो. पुढे बढती मिळाली. झालं, त्या दिवसापासून कासव देव झालं.

देव झाल्यावर त्याचे हाल सुरू झाले. दर गुरुवारी सून त्याला अंघोळ घालायची, पाठीवर खोबरेल चोळायची, कारण ओल्या पाठीवर कुंकू टिकत नाही, मग हळद, मग कुंकू, वर एक फूल. जेवणही देवाचंच. वरणभात, चुरमुरे, एकादशीला भगर. आम्ही मूळचे देवळा गावाकडचे. रविवारी घरात मटण शिजतं आणि मी या वयात नळी सोडत नाही. पण वाडगा घेऊन त्या कोपऱ्यावरून निघाले की सून म्हणायची, "आई, तिकडून नका ना जाऊ." ज्या जनावराला मासे आणि किडे लागतात त्याला वरणभात, आणि जिला डॉक्टरांनी वरणभात सांगितलाय ती नळी चोखतेय, असा आमचा सोवळा कारभार.

मला कासवातलं फार कळत होतं असंही नाही. मी तरुणपणी किती हुशार होते ते एकदा सांगून टाकते. लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाई मला गावच्या महादेवाच्या देवळात घेऊन गेल्या. गाभाऱ्यासमोर फरशीतून एक गोल दगडी उंचवटा वर आलेला. डोक्यावर गजऱ्याचं टोपलं घेतलेल्या त्या नव्या नवरीला वाटलं, बसायची सोय केलीय. बसली. बसल्या बसल्या निऱ्याही सारख्या केल्या. सासूबाई दातावर दात ठेवून म्हणाल्या, "अगं, ते कासव हे." तर ही शहाणी काय म्हणते, "मग कडेला नाही का ठेवायचं, लोकांचा पाय लागतो." हीच बाई पुढे शाळेत शिक्षिका झाली आणि फळ्यावर कासवाचं चित्र काढून पोरांना सांगू लागली, की पाठ म्हणजे त्याचं घर, पाहिजे तेव्हा आत जातं, पाहिजे तेव्हा बाहेर येतं. भाड्याची खोली असल्यासारखं. त्या पोरांपैकी कुणीही हात वर केला नाही, याचंच मला नवल वाटतं.

तर देवळ्याचे आमचे चुलत दीर गेले आणि घरात सुतक आलं. देवाला हात लावायचा नाही. कासव देव, म्हणून त्यालाही लावायचा नाही. गुरुवार आला तसा गेला, ना तेल ना कुंकू. पण देव असो की कासव, पाणी तरी बदलायला हवं, आणि ते कुणीच बदलेना, तेव्हा मी बदलायला लागले. रोज पाण्यावर तांबूस तवंग यायचा. रोज पाठ थोडी उघडी पडायची. एका सकाळी नळाखाली धरलं तर कुंकवाच्या खालून पांढरट डाग निघाला. मधोमध खळगा. बोटाने दाबलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागलं. कवचाची कड अंगठ्याने जराशी दाबली तर वाकली. एवढ्या वाढलेल्या कासवाची कड नखासारखी टणक हवी, ती वाकली. आणि वास आला.

सून म्हणाली, "कात टाकतंय आई. मोबाइलवर दाखवतात की."

"वास घे."

"मला नाही येत."

गावी कांदे साठवायच्या चाळीत माझी निम्मी हयात गेली. एक कांदा आतून सडला तर दारातून कळतं. कासवही पापुद्रा टाकतं, ते मी पुढे शिकले. पण तो कांद्याच्या वरच्या सालीसारखा पातळ, अख्खा निघतो आणि खाली नवीन, कडक, चकचकीत कवच असतं. खाली मऊ लागलं, खळगा पडला, लालसर पाणी आलं, घाण वास आला, तर ती कात नाही. ते सडणं आहे. हे समजायला दोन डोळे आणि एक नाक पुरतं. आमच्या घरात मिळून आठ डोळे होते, कासवाचे धरून, आणि दर गुरुवारी त्या डागावर लाल टिळा लागत होता.

मुलगा म्हणाला, "सुतक फिटू दे, मग बघू. आत्ता जागेवरून हलवायचं नाही."

"का?"

"दिशा बदलते, आई."

तरुणपणीची मी असते तर स्वयंपाकघरात जाऊन, कांदा चिरतेय असं दाखवून रडले असते. तिला तेवढंच यायचं. मी पोळ्यांचा डबा रिकामा केला, तळाला ओला पंचा घातला, त्यात देवाला बसवलं आणि झाकण न लावता रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. पोळ्यांचा डबा नेला म्हणून सून दोन दिवस बोलली नाही. डबा तिच्या माहेरचा होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कासव उलटंसुलटं करून पाहिलं, कड दाबली, आणि म्हणाल्या, "आजी, खायला काय घालता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि ऊन?" मी कोपरा सांगितला. "पाण्याबाहेर येऊन बसायला दगड?" दगड नव्हता. म्हणजे ते जनावर कधी कोरडंच झालं नव्हतं, आणि वर तेलाचा लेप.

"हे त्याचं हाड आहे आजी," त्या म्हणाल्या. "पाठीचा कणा, बरगड्या याच कवचात जुळलेल्या असतात. दाबलं की त्याला दुखतं."

माझ्या वर्गातली सगळी पोरं मला त्या क्षणी डोळ्यासमोर दिसली. भाड्याची खोली म्हणे.

त्यांनी सुटलेला भाग हलकेच काढला, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि मला बजावलं, घरी सुरी-चिमट्याने काही खरवडायचं नाही. मऊ ब्रशने घासायचं, जखमा धुवायचं तांबडं आयोडीन पाण्यात पातळ करून लावायचं, थोडा वेळ ठेवून धुवायचं, पुसायचं, मलम. दिवसाचा बराच वेळ कोरडं ठेवायचं, पाण्यात फक्त प्यायला-खायला सोडायचं. छोटे मासे द्यायचे. आणि ऊन द्यायचं, पण अर्धी सावली ठेवून, नाहीतर भाजेल.

ऊन आमच्याकडे दक्षिणेच्या बाल्कनीत येतं. मुलगा म्हणाला, "दक्षिणेला? यमाची दिशा आहे ती." मग म्हणाला, बरं, बाल्कनीची काच तरी लावून घेऊ, उजेड येतोच की आत. डॉक्टरीणबाईंनी हेही सांगितलं होतं, की उजेड काचेतून येतो, कासवाचं हाड ज्या उन्हावर घट्ट होतं ते काचेबाहेरच राहतं. मी काच सरकवली, त्याला बसायला दगड मांडला आणि कावळ्यांवर नजर ठेवत स्टुलावर बसले. मासे मी कापले, बाजूला आमच्या चहाचं आधण ठेवून. सून नाकाला पदर लावून उभी. रविवारी हीच बाई मटणाचा मसाला भाजते.

पाठ सुधारायला दिवस लागले. आधी वास गेला, मग खळगा कोरडा झाला, मग कड अंगठ्याखाली वाकेनाशी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खूण कायम राहील. राहू दे. बघणाऱ्याला दिसायलाच पाहिजे.

या मधल्या काळात सुतक फिटलं होतंच. पहिल्याच गुरुवारी सून तबक घेऊन बाल्कनीत आली. हळद, कुंकू, खोबरेलाची वाटी. पाठ अजून ओली जखम होती.

"थोडंसंच लावते आई. कडेला."

"नाही."

"इतके दिवस खंड पडलाय. यांना काही झालं नोकरीत तर?"

माझा नवरा गेल्यापासून या घरात माझ्या कपाळाला कुणी कुंकू लावलेलं नाही. हळदीकुंकवाला बायका येतात तेव्हा मी आत दूध तापवते, आणि तापलेलं पुन्हा तापवते. माझ्या कपाळाला लागलं तर काय बिघडतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. कासवाच्या पाठीला लागलं तर काय बिघडतं ते समोर दिसत होतं, आणि सुनेचं कुंकवाचं बोट निघालं होतं तिकडेच.

मी स्टूल पुढे ओढलं. "लावायचंच आहे ना? मला लाव."

"आई, काहीतरीच काय."

"काहीतरीच कसं? मला सोसतं. याला सोसत नाही."

तिने लावलं नाही. लावेल असं मला वाटलंही नव्हतं, तरी राग आला. आतून मुलगा म्हणाला, "आई, निदान रात्री तरी उत्तरेला ठेवू." मी म्हटलं, "उत्तरेला तू बस, तोंड घराकडे कर."

सून हसली नाही. तबक घेऊन ती उभीच राहिली. कासवाने मान बाहेर काढली, दगडावर चढायचा प्रयत्न केला आणि घसरलं. ती त्याच्या पाठीकडे बघत होती, बहुधा पहिल्यांदाच नुसती पाठ बघत होती. मग तिने तबक खाली ठेवलं.

"ते आयोडीन किती घालता पाण्यात?"

"फिक्या चहासारखं दिसेल एवढं."

ती ब्रश घ्यायला वाकली. बोट लालच होतं.

"आधी हात धुऊन ये," मी म्हटलं. "साबणाने."