सिस्टरचा पत्रा

बातमी आली ती मोबाइलवर. सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात आमच्या कॉलनीतल्या बायकांच्या ग्रुपवर निरोप पडला, ‘सुशीला सिस्टर गेल्या.’ त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. त्या रांगेत मंगलाबाईंचा निरोप होता, ‘फार मायाळू होत्या. त्यांच्या संत्र्याच्या केकची चव अजून जिभेवर आहे. भावपूर्ण श्रद्धांजली.’ गाळणं हातातच राहिलं आणि चहा ओट्यावर सांडला. खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं नाही. आधी किळस आली... रडू दुपारनंतर आलं. ज्या जिभेवर चव असल्याचं मंगलाबाई सांगत होत्या, त्या जिभेने गेल्या आठ वर्षांत त्या केकचा कणसुद्धा चाखलेला नव्हता. हे मला ठाऊक होतं, मंगलाबाईंना ठाऊक होतं आणि त्या निरोपाखाली अंगठे उमटवणाऱ्या अकरा जणींनाही ठाऊक होतं. मेलेल्या माणसाच्या हातचं खाल्ल्याचं खोटं सांगायला काहीच लागत नाही. जिवंतपणी मात्र एक तुकडा गिळवला नाही.

सुशीला सिस्टर मूळच्या साखरा गावच्या. नर्सिंग शिकल्या, सरकारी नोकरीत लागल्या आणि बदल्या होत होत कळमनुरीला आल्या. नवरा लवकर गेला होता, सुजाता नावाची एक मुलगी. आमच्या कॉलनीत त्यांनी घर घेतलं ते माझ्या भिंतीला भिंत लागून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे त्या मला बाई म्हणायच्या आणि मी त्यांना सिस्टर. पंधरा वर्षांत यापलीकडे आम्ही एकमेकींना दुसरं काही म्हटलं नाही. घर घेतल्यावर आठ दिवसांत कॉलनीने त्यांचं आडनाव विचारून घेतलं आणि पुढचं काही विचारायची कुणाला गरज उरली नाही. बौद्धाचं घर, एवढं कळलं की पुरे. वरवर सगळं गोड होतं. चैत्रात आमच्याकडे मंगलाबाईंच्या अंगणात हळदीकुंकू व्हायचं. सिस्टरना बोलवायचं तर कुंकवाचं काय, असा प्रश्न पडला, म्हणून त्याला वसंत स्नेहमेळावा म्हणायचं ठरलं. नाव बदललं, माणसं तीच राहिली. सिस्टरना मात्र यात काही अडचण वाटली नव्हती. ‘आमी कुंकू सोडलं बाई, शेजार थोडाच सोडला?’ असं म्हणून त्या पहिल्याच वर्षी केक घेऊन हजर झाल्या.

त्या केकचं सांगायलाच हवं, कारण इतका सोपा केक मी दुसरा पाहिला नाही. नर्सिंगच्या वसतिगृहात एका ख्रिस्ती मैत्रिणीकडून त्या तो शिकल्या होत्या. मैदा, अंडी, पिठीसाखर, तेल, जरासा सोडा, चार-पाच संत्र्यांचा रस आणि वर किसून घातलेली साल. रंगासाठी कृत्रिम काही नाही, आपली चिमूटभर हळद. एवढं कालवायचं आणि मोठ्या चौकोनी पत्र्यात पातळ पसरायचं. पत्रा म्हणजे बेकरीत बिस्किटं भाजतात तसला उथळ, काठ असलेला ट्रे. दिवाळीत आपण नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीच्या भट्टीत भाजायला देतो, तसा सिस्टर हा पत्रा घेऊन जायच्या. पाव निघाले की भट्टी जरा नरम पडते, तेव्हा बेकरीवाले चाचा तो आत सरकवायचे. इतरांच्या पत्र्यांत मिसळू नये म्हणून त्यांनी काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतलं होतं, ‘सुशीला, साखरा’. गावाचं नाव कशाला, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सुशीला छप्पन असतील, साखऱ्याची भट्टीवर येणारी मी एकटीच. थंड झाला की सुरीने उभे-आडवे काप द्यायचे, साठ-सत्तर तुकडे सहज निघायचे.

पहिल्या वर्षी त्यांना पत्रा घेऊन बेकरीकडून येताना सगळ्यांनी पाहिलं. वर चाचांनी झाकलेला वर्तमानपत्राचा कागदही तसाच होता. मंगलाबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, बेकरीचाच ना? त्या हे का विचारताहेत ते मला चांगलं समजलं होतं. मी म्हणाले, हो, बेकरीतूनच आणलाय. अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आडोशाला मी उभी राहिले. मला वाटलं मी सिस्टरचं भलं करतेय... बायकांनी दोन-दोन तुकडे खाल्ले, घरी न्यायला मागून घेतले. हे सहा वर्षं चाललं. बेकरीच्या मालाला कुणाचा हात लागला हे आमच्यात कुणी विचारत नाही, शेजारणीच्या घरातलं पीठ मात्र कुणाच्या हाताने कालवलं हे आधी विचारतात. ही आमची शुद्धता!

सातव्या वर्षी कॉलनीतल्या एका नव्या सुनेने भर मेळाव्यात सिस्टरना केकची कृती विचारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं म्हणून सिस्टर खुलल्या. हात उडवत त्यांनी सगळं सांगितलं, घरी कसा कालवते, साल किती किसते, भट्टीत नुसता भाजून कसा आणते. मी समोर बसले होते. मला दिसलं, मंगलाबाईंचा चावणारा जबडा मधेच थांबला. मग त्या उठल्या, मोरीकडे गेल्या आणि चूळ भरून आल्या. सिस्टर सांगतच होत्या.

पुढच्या वर्षी बहाणे सुरू झाले. पहिला बहाणा अंड्याचा. ‘आमच्यात अंडं चालत नाही हो.’ सहा वर्षं तेच अंडं मजेत पचवलं होतं. सिस्टरनी अंडं काढलं आणि दही घातलं. मग कुणाला साखर वर्ज्य झाली, तर सिस्टरनी गूळ घातला. मग मैदा बाधायला लागला, त्यांनी गव्हाचं पीठ घेतलं. चतुर्थ्या तर इतक्या वाढल्या की पंचांगवाल्यानेही तोंडात बोट घातलं असतं. एका वर्षी भिंतीवरून उटण्यासाठी संत्र्याची सालं मागताना मी उगाच विचारलं, यंदा काय बदल? सिस्टर किसणी थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. ‘अंडं काढलं, साखर काढली, मैदा काढला. आता कालवणारीला काढायचं तेवढं राहिलं, बाई.’ त्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

याच काळात मंगलाबाईंची सून बाळंतपणाला अडली होती. सिस्टरची ड्यूटी संपलेली होती, तरी त्या थांबल्या. मूल पायाळू होतं, डॉक्टरांच्या बरोबरीने सहा तास उभ्या राहून त्यांनी ते सोडवलं आणि पुसून, गुंडाळून मंगलाबाईंच्या ओंजळीत दिलं. मी तिथे होते. त्या हातातून नातू घेताना मंगलाबाई रडत होत्या, सिस्टरच्या पाया पडायला वाकत होत्या. दीड महिन्याने चैत्र आला. त्याच हातांनी केकचा तुकडा पुढे केला, तर यांचा दात दुखत होता.

त्या वर्षीच्या मेळाव्यानंतर काय झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकांनी तुकडे घेतले होते, ‘घरी नेऊन निवांत खातो’ म्हणत कागदी रुमालात गुंडाळले होते. मला बरं वाटलं होतं, निवळतंय म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघाले, तर मंगलाबाईंच्या कंपाउंडमागच्या नालीत ते सगळे तुकडे. रुमालासकट. काळ्या पाण्यावर पिवळे फुगलेले काप तरंगत होते, काठावर मुंग्यांची रांग होती आणि एक डुक्कर तोंड घालून मचमच आवाज करत खात होतं. मला भडभडून आलं. घाण पाहून नव्हे, नालीची घाण तर रोजचीच. त्या रुमालांच्या घड्या इतक्या नीटनेटक्या होत्या... कुणी रागाने फेकलं असतं तर मी समजू शकले असते. हे तर नीट घडी घालून, देवाला नमस्कार करणाऱ्या हातांनी केलेलं होतं. संध्याकाळी सिस्टरनी विचारलं, बायकांना आवडला का? मी म्हणाले, सगळा संपला. त्यांनी मान हलवली. मी त्यांचा पत्रा घासून, लख्ख करून त्यांना परत दिला.

भीमजयंतीला त्या हाच केक वस्तीत न्यायच्या. मी एकदा बरोबर गेले होते. काप द्यायला सुरी काढेपर्यंत लेकरांनी पत्रा वेढला आणि पाच मिनिटांत काठाला चिकटलेला चुरासुद्धा उरला नाही. कुणी विचारलं नाही कुणी कालवला. सिस्टर म्हणाल्या, असं खातेत, बाई. मी त्यातला ‘असं’ ऐकला आणि सोडून दिला.

फाल्गुनात त्या गेल्या. हृदयाचा झटका, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तीन आठवड्यांनी मंगलाबाईंचा फोन आला. स्नेहमेळावा जवळ आलाय, सिस्टरच्या आठवणीसाठी यंदा तो केक ठेवायचाय, तुम्हाला कृती येते, तुमच्या हातचा करा. माझ्या हातचा! म्हणजे सिस्टरची संत्री, सिस्टरची चव, सिस्टरचा पत्रा, फक्त सिस्टर नकोत. मग तो केक आनंदाने खाता येईल आणि डोळेही पुसता येतील. मी म्हणाले, करते, पण कालवायला सुजाता येईल. मग मंगलाबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘अहो, कशाला त्या पोरीला तकलीफ? दुःखात आहे ती.’ नववा बहाणा. मी फोन ठेवला. मेळावा झाला, आइस्क्रीम होतं म्हणे. मी गेले नाही. पण न जाण्यात कसला आलाय पराक्रम? पंधरा वर्षं जात होतेच की.

पत्रा माझ्याकडेच होता. दोन-तीन दिवसांसाठी सांडगे वाळवायला म्हणून मागून आणलेला, तो राहिला. त्याच पत्र्यात मी केक केला, चाचांकडून भाजून आणला आणि सुजाताकडे घेऊन गेले. ती आईच्याच घरात राहते. केक वरून लाल ठिपक्यांनी भरला होता. सुजाताने बघताक्षणी ओळखलं. सोडा थेट हळदीवर टाकला वाटतं, म्हणाली, आई आधी रसात हळद मोडायची, मग लाल पडत न्हाई. तिने एक तुकडा खाल्ला. मी तिला नालीचं सांगितलं. इतक्या वर्षांनी, तिच्या आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून सांगितलं. तिने दुसरा तुकडा उचलला.

‘आईला माहीत होतं, बाई. ड्यूटीवर जाताना तिनंच आधी बघितलं होतं.’

मग दरवर्षी का करायच्या, असं मी विचारलं. मला वाटलं, ती म्हणेल, आशा होती. माणसं बदलतील वाटायचं. आपल्याला दुसऱ्याच्या दुःखातून असलंच काहीतरी गोड हवं असतं.

‘आमीबी विचारायचो, काहून करती म्हणून. ती म्हणायची, त्यांना दरसाल नवा बहाणा शोधावा लागते. तेवढी तरी तकलीफ होऊ दे त्यांना. मी केक न्हाई नेला तर त्या सुखानं बसतेल.’

मी हसले. सिस्टरना बिचाऱ्या समजून मी पंधरा वर्षं जपत होते. आणि त्या दरवर्षी सत्तर तुकडे कापून सगळ्या कॉलनीला घाम फोडत होत्या. मग मी नको ते विचारलं. माझ्याबद्दल काही म्हणायच्या का?

सुजाता उठली. उरलेले काप डब्यात काढले, पत्रा घासायला घेतला. पाठमोरी म्हणाली, ‘बाई खातेत, म्हणायची. बराबर खातेत. पर पत्रा रिकामा येते, म्हणायची.’

शेजारच्या घरचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे मला माझ्या आईने शिकवलंय. मंगलाबाईंची वाटी मी कधी रिकामी दिली नाही. चार दाणे साखर का होईना, घालूनच दिली. कधी विसरले नाही, आठवावंही लागलं नाही. सिस्टरचा पत्रा मात्र पंधरा वेळा घासून, पुसून, कोरडा करून दिला. मुद्दाम नाही, शपथेवर सांगते. मला सुचलंच नाही. आणि हे न सुचणंच मला सगळ्यात किळसवाणं वाटतं. मंगलाबाई निदान रुमालाची घडी घालताना काहीतरी ठरवत होत्या.

सुजाताने पत्रा पुसून माझ्यासमोर धरला. राहू द्या तुमच्याकडंच, म्हणाली, मला भट्टीची सवय न्हाई. मी तिच्याकडे बघतच हात पुढे केले, तर पत्रा जड लागला. त्यात चार संत्री होती.

संत्री खाऊन संपली. पत्रा माझ्या फडताळात उभा आहे, काठावरचं नाव बाहेर दिसेल असा. सुजाता राहू द्या म्हणाली, तरी तो द्यायला मला पुन्हा त्या दारात जायचंय, आणि त्यात काय घालून न्यावं, ते मला अजून सुचलेलं नाही.