राज्यात सातवं कॉलेज

आता माझ्याच तोंडानं माझी फजिती सांगायची म्हणजे… निदान चहा संपेपर्यंत तरी हसू नका, एवढंच मागणं!

मी निपाणीत हायस्कूलला इतिहास शिकवतो. सीमाभागात जन्म गेला, त्यामुळं "कन्नड आपल्या रक्तातच हाय," असं चारचौघांत छाती ठोकून सांगतो. रक्तात असेलही. जिभेवर मात्र दहापर्यंतचे आकडे, 'निम्म' म्हणजे 'तुमचं' आणि 'एष्टु' म्हणजे 'किती', एवढाच ऐवज!

लेक पद्मजा इंजिनिअरिंगला जाणार. तिला हवं होतं बेळगावात उद्यमबागेजवळचं, कारखान्यांच्या वसाहतीतलं एक छोटं कॉलेज. का? तर तिथं लोखंड ओतायची भट्टी आहे आणि पोरी स्वतः साचे करतात! मला हवा होता रँक. पाहुण्यांत काय भट्टी सांगू?

"आप्पा, मला तिथं करमंल."

"करमायला ते काय आजोळ हाय व्हय गं?"

प्रवेश पक्का करायच्या शेवटच्या दिवशी मी तिला बेळगावच्या एका पाचमजली, काचेच्या कॉलेजात ओढतच नेलं. ती वर्कशॉप बघायला गेली. मी ऑफिसात क्लार्कसमोरच्या खुर्चीत ऐसपैस बसलो. खाली काहीतरी कडकन वाजलं. म्हटलं, खुर्ची जुनी असेल.

"निम्म कॉलेज रँक एष्टु री?" मी सुरू!

क्लार्क जवळजवळ ओरडलाच, "एळ्री!"

एळु म्हणजे सात, आणि री म्हणजे त्यांचं अहोजाहो. सातवा रँक! "राज्यात?" मी विचारलं.

"एळ्री सर, एळ्री!" बिचारा कळवळून सांगत होता. कॉलेजवर केवढी ती माया!

बसल्या जागेवरून बायकोला फोन केला, साडूंना केला, पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं. धडाधड अंगठे यायला लागले.

पद्मजा परतली ती पडलेल्या चेहऱ्यानं. "आप्पा, वर्कशॉपला कुलूप हाय. किल्ली कुणाकडं हाय तेबी कुणाला ठावं न्हाय. बडा घर, पोकळ वासा!"

"अगं, सातव्या नंबरचं कुलूप हाय ते! गप सही कर."

पोरीचे डोळे भरून आले. खरं सांगतो, मलाही आत टोचलं. पण एवढ्या अंगठ्यांपुढं बापाचं काळीज किती टिकणार? पेन तिच्या हातात दिलंच.

क्लार्कची मात्र चुळबुळ चाललेली. पद्मजानं त्याला कन्नडमध्ये काय झालं म्हणून विचारलं. तो घडाघडा बोलला, आणि ही ओठ चावायला लागली.

"आप्पा, उठा."

"का गं?"

"ते मघापासनं 'उठा' म्हणत्यात. एळ्री म्हणजे 'उठा'बी हुतंय! तुम्ही त्यांच्या जेवणावर बसलाय."

उठलो. खुर्चीत फडक्यात बांधलेल्या कडक भाकरीचा भुगा!

"आणि रँक?" मी हळूच विचारलं.

"यादीत नावच न्हाय, सर," क्लार्क स्वच्छ मराठीत म्हणाला.

"अहो, मग 'उठा' हे मराठीत सांगायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही कन्नडात विचारलंसा की!"

तासाभरात आम्ही उद्यमबागेजवळ. ग्रुपवर अभिनंदनं येतच होती. मी फोन बंद करून टाकला. पद्मजा भट्टी बघून आली, हात काळे, तोंडभर हसू. लगेच फॉर्म भरायला बसली. त्यात एक रकाना होता, पालकांना येणाऱ्या भाषा.

"लिही," मी म्हणालो, "मराठी, हिंदी, कन्नड."

तिनं मराठी लिहिलं, हिंदी लिहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.