मुख्याध्यापकांच्या टेबलाखालचा भूकंप

राग गिळायची मला सवय नाही. मी तो लोणच्यासारखा मुरवते.

पोलादपूरजवळच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. त्या जूनमध्ये दहावीतल्या, डोंगरातल्या वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बाई, तळीयेला दरड पडली, तशी जमीन आधी हळूहळू सरकते काय?" मी म्हटलं, दरडीचं वेगळं, पण जपानजवळ समुद्राखाली जमिनीचा एक तुकडा दुसऱ्याखाली घुसतो, तिथे आठवडेच्या आठवडे चालणारे संथ भूकंप होतात. भांडं पडत नाही, कुणाची झोप मोडत नाही. बारीक थरथर तेवढी यंत्रांना कळते.

मुख्याध्यापक दारात उभे होते. "जमीन सरकेल आणि माणसाला कळणार नाही? मला तरी कळेल!" वर्ग हसला. मग त्यांनी मला मुलांसमोर "मी चुकीचं शिकवलं" असं म्हणायला लावलं. मी म्हटलं. घरी येऊन रडले, आणि ह्याच वर्गासमोर उट्टं काढायचं ठरवलं.

दर सोमवारी सर यायच्या आधी मी आणि शाळेच्या शिपाई मावशी त्यांचं टेबल-खुर्ची बोटभर खिडकीकडे सरकवायचो. फरशीवर टेबलाच्या पायांचे जुने डाग होते, त्यांवर मावशींनी पायपुसणं टाकलं. सर त्यांना सगळ्यांदेखत "ए बाई" म्हणायचे, म्हणून त्या आनंदाने सामील. "आज भूकंप जास्त झाला गो," म्हणत हसायच्या.

दिवाळीनंतर दुपारचं ऊन सरांच्या तोंडावर यायला लागलं. त्यांनी उन्हाला नावं ठेवली, पडदा लावून घेतला, टेबलाकडे पाहिलंच नाही. मला त्यांची दया आली नाही. गंमत वाटत होती.

फेब्रुवारीत निरोप समारंभानंतर दहावीची मुलं सरांच्या पाया पडायला ऑफिसात आली. मी पायपुसणं उचललं आणि त्याच मुलीच्या हातात फूटपट्टी दिली. तिने डागापासून टेबलाच्या पायापर्यंत मोजलं.

"दीड फूट, बाई."

"कुणी सरकवलं हे?" सर ओरडले.

"भूकंप झाला, सर. जूनपासून चालू होता. तुम्हाला कळला नाही?"

वर्ग पोट धरून हसला. सरांचा चेहरा पाहून माझा आत्मा थंड झाला.

ती मुलगी मात्र हसली नाही. फूटपट्टी परत देताना म्हणाली, "मंग आमच्या वाडीवरचा डोंगर कोण मोजतो, बाई?"

जूनमध्येही तिने ह्याच डोंगरासाठी विचारलं होतं. आठ महिने मी टेबल सरकवत बसले होते.