इंदूकाकीची मधली तुकडी

काकी गेल्याचा फोन रोह्याला आला, तेव्हा रिसीव्हर खाली ठेवून आईने पहिलं विचारलं, "आता तेराव्याचा स्वयंपाक कोण बघणार?" विचारल्यावर तिचं तिलाच रडू फुटलं... आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, गणपती असो, या प्रश्नाला एकच उत्तर होतं. इंदूकाकी.

ती माझ्या मधल्या काकांची बायको, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची मुलगी. काका लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले, मूलबाळ नव्हतं. पेणच्या एकत्र घराची चूल तिच्याकडे आली ती कायमची. आधी पुरुषांची आणि मुलांची पंगत, मग बायकांची, सर्वांत शेवटी एकटी काकी. तिच्या पानात माशाचं डोकं नाहीतर शेपटी. आम्ही सणासुदीला रोह्याहून गेलो की मोठे काका पाहुण्यांसमोर मला इंग्रजीत कविता म्हणायला लावायचे. मी पळून काकीजवळ बसायचे. ती मला काहीच बोलायला लावत नसे.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या काकांनी आपली साठी मॉरिशसला करायची ठरवली. धाटावच्या कंपन्यांना माणसं पुरवून त्यांचं बरं चाललं होतं. आजीपासून चुलतभावाच्या तान्ह्या मुलीपर्यंत सगळं घर, समुद्राकाठच्या एकाच आलिशान बंगल्यात. माहितीपत्रकात पोहायचा तलाव होता, नारळाची झाडं होती. काकांचं बोट मात्र टेकलं स्वयंपाकघराच्या फोटोवर. "हाटेलचं कोनाला झेपतंय? इंदू हायच की. मसाला, सुकट, तांदळाचं पीठ बांधून घे."

"बांधते," काकी म्हणाली.

बंगल्यात पोचताच काकांना भाकरी आठवली. काकीने सगळ्यांसमोर बॅग उघडली. नव्या साड्या, पावडरचा डबा, रबरी चपला.

"मसाला कुठंय?"

"पेनला हाय."

"इसरलीस?"

"नाय भाऊजी. ठेवला."

आजी घाबरली. "अगो बाय, मग आता खायाचं काय?"

"सगले खातील तेच. मी पन सुट्टीलाच आलेय ना, आई?"

गप्प बस, अशा अर्थाने माझ्या आईने तिचा हात दाबला. काकीने तो सोडवून घेतला.

"मग रांधायचं कोनी?" काका ओरडले.

"तुमी रांधा. साठ वर्सं खाल्लंव, चव तरी ठाव असंल."

चुलतभावाला हसू आवरेना. त्यानेच फोन करून जेवण मागवलं. लांब टेबलाला सगळ्यांपुरत्या खुर्च्या होत्या, तरी घरातल्या बायका सवयीने भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकी सर्वांत आधी बसली. वाढणारी बाई मासा घेऊन आली, तेव्हा काकीने मला हाक मारली. "सांग गो तिला, मधली तुकडी दे म्हनावं." मी सांगितलं. इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मला कोणी बोलायला लावलं म्हणून राग न येण्याची ती पहिलीच वेळ.

"बेटाची हवा लागलीय, पेनला उतरंल," असं काका म्हणत राहिले. उतरली नाही. घरी परतल्यावर काकी रांधायची, पण पानं मांडली की हात धुऊन पहिल्या पंगतीत बसायची. काकांनी एका गणपतीत रुसून जेवण सोडलं. "पान वाढलेलं हाय, यायचं तर या," एवढंच तिने कळवलं आणि स्वतः जेवली. तिच्या शेजारचं पान मात्र कोणी बाई घेत नसे.

आता भेटायला येणारे सगळे तिला अन्नपूर्णा म्हणतात. मला तो शब्द नको आहे. तो उच्चारणाऱ्या एकालाही तिला काय आवडायचं ते सांगता आलं नाही.

तेराव्याला पेणच्या ओटीवर पानं मांडली. पुरुष बसले. खिडकीखालचं तिचं वाढलेलं पान आणि त्याच्या शेजारचं एक त्यांनी मोकळं ठेवलं होतं, मान दिल्यासारखं. मी तिथे जाऊन बसले.

"पोरी, बायकांचं मागनं," मोठे काका हळू आवाजात म्हणाले.

"मला भूक लागलीय," मी म्हटलं आणि पहिला घास घेतला.

आई वरण वाढत पंगतीतून येत होती. ती आमच्यापाशी थांबली... मग तिने वरणाचं भांडं मोठ्या काकांच्या पुढ्यात ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या शेजारच्या पानावर बसली.