दुसऱ्या गाईचं वासरू

भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास आला की मला रोहणा गावातला तो गोठा आठवतो. मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. तिला सासूबाईंजवळ निजवून मी शेजारच्या काकूंकडे चहापुरतं दूध आणायला गेले होते. त्यांच्या गाईचं वासरू आदल्या दिवशी मेलं होतं आणि गाय पान्हा चोरत होती. काकूंनी तिच्यापुढे ढेपेचं घमेलं ठेवलं, मग दुसऱ्या गाईचं वासरू आणून कासेला लावलं. गाईनं त्याला हुंगलं आणि लाथ झाडली. भुकेलं वासरू हंबरायला लागलं, आणि त्या आवाजासरशी माझं ब्लाउज ओलं झालं. मी पदर ओढून घेतला, पण काकूंनी पाहिलंच. "गाय काई फसली नाई," त्या म्हणाल्या, "पान्हा तुले फुटला. जाय, पोरीले पाज." मी धावत घरी आले, तर मुलगी गाढ झोपलेली, भूक वगैरे काही नव्हती तिला. आता ती नागपूरला नोकरी करते. काल फोनवर नुसतं "आई, अजून जेवले नाही" म्हणाली, आणि माझा हात आपसूक पदराकडे गेला.