तांड्यावरचे नाकारलेले पाणी

साठ सालाच्या सुमारास मी यवतमाळला व्यापारी कायदा शिकवीत असे. संस्कृत पाठशाळेतून आलेला मनुष्य या विषयाकडे वळला याचे सहकाऱ्यांना नवल वाटे, गुरुबंधूंना दुःख. त्यामुळे दोन्हीकडे माझे बोलणे बेताचेच. भाड्याच्या खोलीत देवपूजा, एकट्याचे पान आणि उरलेला सारा वेळ प्रबंध.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना माल वाटेत नष्ट झाला, तर हानी कोणी सोसावी, हा माझा विषय. स्मृतिवचने जमली होती, इंग्रजी निवाडेही. परंतु ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर मीठ लादून राज्यांच्या सीमा ओलांडल्या, त्या बंजाऱ्यांची रीत कोठेच लिहिलेली नव्हती. आर्णीकडच्या एका तांड्याचे प्रमुख असलेल्या वृद्ध नायकांना ती मुखोद्गत आहे असे कळले. त्या रीतीवरच्या प्रकरणावाचून प्रबंध अपुरा होता.

मी गेलो. नायकांनी बाजेवर घोंगडी अंथरली, सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी हात जोडले. "क्षमा असावी, मी बाहेरचे पाणी घेत नाही."

"काहून महाराज? आमच्या विहिरीत देव नाही राहत का?"

भोवतालचे हसले. मीही हसलो आणि वही उघडली.

"लिहा," नायक म्हणाले. "आमचा सौदा पाण्यावर होये. मालवाल्यानं आमचं पाणी पेलं, का त्याचा माल आमचा. बुडाला तरी आमचा."

"आणि न प्यायला तर?"

"तं त्याचा माल लादतच नव्हतो. पुढची गोष्ट पाणी पेणाऱ्यालेच सांगतो."

मी वही मिटली. परतीच्या वाटेवर कोणी सोबत नव्हते.

पुढे कित्येक दिवस संध्येच्या वेळी आचमनाचे पाणी तळहातावर घेतले की हात थबके. अखेर हिवाळ्यात पुन्हा गेलो आणि आपण होऊन पाणी मागितले. नायकांनी स्वतः तांब्या दिला आणि मी पिईपर्यंत पाहत राहिले.

"तवा तहानलेल्याले देल्लं होतं, महाराज. आज वहीसाठी पेले ना? खरं सांगा."

"होय."

"मंग जेवून जा. वही पिशवीतच राहू द्या."

मी जेवलो. ते बैलांविषयी बोलले, कापसाविषयी बोलले, माझ्या आईविषयी आपुलकीने विचारले. सौद्याचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही तो काढवला नाही.

त्या प्रकरणाच्या जागी मी प्रबंधात एकच वाक्य घातले: 'या समाजातील माहितगार माहिती देण्यास राजी नव्हते.' परदेशी परीक्षकांनी माझ्या सावधपणाची प्रशंसा केली. पदवी मिळाली. मागाहून प्रबंधाचे पुस्तक झाले, तेव्हा मुद्रिते मीच तपासली. स्वल्पविरामांच्या चुका काढल्या. ते वाक्य मात्र तसेच जाऊ दिले.