उमरग्याच्या मैदानावरचे पंच

हैदराबादच्या कॉलेजात आम्ही दोघं एकाच हॉकी संघात होतो. मी जळकोटच्या शेतकऱ्याचा पोरगा, ते उमरग्याच्या कापडवाल्याचे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाईजान म्हणायचो. राज्य निजामाचं होतं. कॉलेज सुटल्यावर मला उमरग्याच्या शाळेत ड्रिल मास्तरची नोकरी लागली आणि ते वडिलांच्या दुकानात बसू लागले. पण ऊन उतरलं की गादीवरून उठून मैदानावर यायचे. पोरांना मी शिकवायचो, सामन्याचे पंच भाईजान.

त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच शाळेच्या संघात होता. एका सामन्यात त्यानं मुद्दाम समोरच्या पोराच्या पायावर स्टिक मारली. भाईजाननी त्याला सरळ बाहेर बसवलं आणि आम्ही हरलो. "घरचा पंच असून हरलात व्हय?" असं लोक दुकानासमोर थांबून चिडवायचे. चिडवायचे, पण निकाल चुकला असं कुणी म्हणालं नाही.

मग रझाकारांचे दिवस आले. आम्ही घरची सगळी सोलापूरकडं निघून गेलो. शाळेला कुलूप लागलं. पुढं फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं आणि त्या धामधुमीत भाईजानचा भाऊ मारला गेला. त्या पोराचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. कुणी मारलं, ते कधी कळलं नाही. मी परत आलो तेव्हा दुकानाच्या नुसत्या काळ्या भिंती उरल्या होत्या. त्यांच्या ओसरीवर मी जाऊन बसलो.

शाळा उघडली. संघातली निम्मी पोरं गाव सोडून गेली होती. नवी घेतली, सराव केला, शेजारच्या गावाशी सामना ठरवला आणि भाईजानकडं गेलो.

"मला नको बोलवू," ते म्हणाले.

"तुमच्याशिवाय पंच कोण आहे इथं?"

ते आले. सामना बरोबरीत होता. शेवटी शेवटी आमच्या कप्तानानं लांबून चेंडू हाणला आणि तो गोलात गेला. फटका डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोल रेषेच्या, बाहेरून होता; तसा गोल धरत नाहीत. मी रेषेजवळच उभा होतो, मला स्वच्छ दिसलं. भाईजाननी गोल नाकारला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "रझाकाराचा पंच नको!" मग बरेच जण ओरडू लागले. मी आत धावलो. निकाल बरोबर आहे, मी स्वतः पाहिलंय, असं सगळ्यांना सांगितलं. कप्तान माझ्याच हाताखाली स्टिक धरायला शिकलेला. तो खाली मान घालून म्हणाला, "मास्तर, तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

भाईजाननी ते ऐकलं. तरी वेळ संपेपर्यंत सामना चालवला, दोन्ही संघांशी हात मिळवले आणि मग शिट्टी माझ्या हातात दिली.

"पंचावर भरवसा लागतो," ते म्हणाले. "तो गेला. आता मी बरोबर असून काय उपयोग न्हाय."

थोड्याच दिवसांत ते बायकोला घेऊन हैदराबादला गेले.

मी इथंच राहिलो. संघ घडवले, जिल्ह्याच्या क्रीडा समितीवर आयुष्य गेलं, कितीतरी पंच नेमले. एकदा पोरांना स्पर्धेसाठी हैदराबादला नेलं होतं, तेव्हा पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. मी सामना पाहायला चला म्हणालो. "गुडघे दुखतात रे," ते म्हणाले.

कॉलेजात जाणारा त्यांचा मुलगा समोर बसला होता. मी हॉकी शिकवतो हे ऐकून त्यानं वडिलांना विचारलं, "अब्बा, आप भी कभी खेले थे?"

"नहीं," भाईजान म्हणाले. "हम साथ पढ़ते थे."

मी चहा संपवला. निघताना ते कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. चालताना त्यांचे गुडघे दुखत असल्यासारखे काही वाटले नाहीत.